कागदावर न छापलेली ओळ

परीक्षक डॉ. हळदणकरांना एक खोड होती. स्लाइडची छापील प्रत हातात घेऊन बसायचे आणि पडद्यावर ओळ उमटण्याआधीच ती मोठ्याने वाचून टाकायचे. मागच्या वर्षी तीन मुलं अशीच गडबडून प्रोजेक्टचे मार्क घालवून बसली होती.

यंदा त्यांच्यापुढे वृषाली घैसास उभी राहिली. दार वाजलं तरी दचकणारी मुलगी. पण ती आपल्या स्लाइड कोड लिहून बनवायची. पडद्यावर कुठली ओळ केव्हा यावी आणि छापील प्रतीत काय यावं, हे त्यात वेगवेगळं ठरवता येतं.

विषय होता, हॉस्टेलची टाकी सकाळी नऊलाच का रिकामी होते.

तिने तोंड उघडायच्या आत हळदणकर म्हणाले, "पाइप गळतो. वाचलं आम्ही. पुढे?"

वृषालीने कळ दाबली. पडद्यावर त्या वाक्यावर काट बसली आणि खाली नवी ओळ उमटली: 'पाइप धड आहे. टाकीतला पाणी बंद करणारा बॉल मध्येच अडकतो, म्हणून टाकी अर्धीच भरते.'

हळदणकरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "इथे तर पाइपच लिहिलंय."

"हो सर. वर मथळा आहे ना, 'आमचा पहिला अंदाज'."

मथळा खरंच होता, चांगला ठळक.

"मग खरं उत्तर कागदावर का नाही छापलं?"

वृषाली हळूच म्हणाली, "सर, सगळं कागदावरच असतं, तर मला कशाला बोलावलं असतं?"

शेजारी बसलेले दुसरे परीक्षक खोकल्यासारखं हसले. हळदणकरांनी कागद पालथा घातला.

"बोला," ते म्हणाले. आणि वृषाली पूर्ण दहा मिनिटं बोलली.