चित्रासारखी वेस

तुमच्या-माझ्या पणजोबांच्याही फार आधीची ही गोष्ट. वाळवंटाच्या कडेला एक शहर होतं. त्याला मातीचा उंच तट होता आणि निळ्या फरशांनी मढवलेली देखणी वेस. तट होता म्हणून वाळवंटातल्या लुटारूंचं काही चालत नसे.

एकदा परमुलखातला एक चित्रकार तिथे आला. वेशीसमोर बसून त्याने जलरंगात चित्र काढलं. सोनेरी तट, निळी कमान, वर मोकळं आकाश. तटाला टेकून नानवाल्यांची, कुंभारांची, मोच्यांची दुकानं होती, ती त्याने गाळली. धूर आणि गाढवं कोण रंगवत बसणार?

चित्र पाहून शहराचा सुलतान हरखला. मग त्याने खिडकीतून खऱ्या वेशीकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. खरी वेस त्याला एकदम गबाळी वाटू लागली. त्याने दुकानं हटवण्याचा हुकूम सोडला.

आता तिथली रीत अशी होती, की या दुकानदारांनी भाडं द्यायचं नाही. त्याबदली दरवर्षी हिवाळी पावसाआधी आपापल्या पाठीमागचा तट माती-भुशाने लिंपायचा.

नान भाजणारी म्हातारी जुलेखाबी दरबारात आली. "हुजूर, आम्ही गेल्यावर तट कोण लिंपणार?"

"गवंडी लिंपतील," सुलतान म्हणाला.

दुकानं गेली. वेस हुबेहूब चित्रासारखी दिसू लागली आणि सुलतान रोज खिडकीत उभा राहून ती पाहू लागला. गवंडी मात्र राजवाड्याच्या घुमटावर गुंतले होते. त्यांना तटाकडे धाडायचं तो साफ विसरला.

हिवाळ्यात पाऊस लागला. उघडा तट पाणी प्यायला आणि वेशीशेजारीच ढासळला. लुटारू त्या खिंडारातून शिरले आणि धान्याची कोठारं धुऊन नेली. शहरात चुली थंड पडल्या. सुलतानाला स्वतःची लाज वाटली.

दुकानदार दूरच्या एका सराईत, वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागी, राहत होते. तो पायी तिथे गेला. "चूक माझी आहे. परत चला."

"येऊ, हुजूर," जुलेखाबी म्हणाली. "पण तट पुन्हा उभा करायचा तर चिखल तुडवायला खूप पाय लागतील. आमचे पुरणार नाहीत."

सुलतानाने जोडे काढले. त्या दिवशी तो उपाशीपोटी, गुडघाभर गार चिखलात, आपल्या प्रजेच्या रांगेत उभा होता.

यातून घ्यायचं ते एवढंच: ज्यांच्या आधारावर आपण उभे असतो, त्यांना शोभेपायी दूर करू नये.