वानर आणि पाणमांजरीचा वर्ग

बालमित्रांनो, एका डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसे जंगल होते. जंगल लहान, पण तिथल्या प्राण्यांनी एक गोष्ट मोठ्या हौसेने जपली होती. ती म्हणजे त्यांचे मैदान. मैदानाच्या एका कडेला पारंब्यांचे वडाचे झाड होते, दुसऱ्या कडेला नदीचा संथ डोह आणि मधोमध मऊ हिरवळ. हे मैदान सगळ्यांचे होते, आणि सगळ्यांचे म्हणजे कोणाचेच नाही, असे होऊ नये यासाठी सभेने एका टिटवीला त्याची देखरेख सोपवली होती. सकाळी म्हाताऱ्या प्राण्यांनी फिरायचे, दुपारी गवताला विश्रांती द्यायची आणि उन्हे कलली की पिल्लांचे खेळ व वर्ग सुरू करायचे, असा टिटवीचा नियम होता. उंदरांनी हिरवळीत बिळे पाडली की ती त्यांच्याकडूनच बुजवून घेई. रानडुकरांना तर ती मैदानात शिरण्याआधी पाय झाडायला लावत असे. तिचा आवाज कर्कश होता, पण तिच्या कामाविषयी कोणाची तक्रार नव्हती.

त्या वडाखाली एक वानर पिल्लांचा वर्ग घेत असे. पारंबीला धरून झोका कसा घ्यावा, उंचावरून पडल्यासारखी उडी मारून अलगद पायांवर कसे उतरावे, कोलांटी कशी मारावी, हे त्याच्याइतके छान कोणालाच शिकवता येत नसे. हरणांची पाडसे, सशांची पिल्ले, अस्वलाचा बच्चा, सगळी त्याच्याकडेच शिकली होती. संध्याकाळ झाली की "वानरकाका, वानरकाका!" असा गलका ऐकू येई. वानराला तो गलका फार आवडे. त्याला वाटे, मैदान आहे ते आपल्यामुळे.

एके वर्षी नदीच्या खालच्या अंगाकडून एक पाणमांजरी तिथे राहायला आली. मागल्या पावसाळ्यात सशाचे एक पिल्लू ओढ्याच्या पुरात वाहून गेल्याचे तिने ऐकले, तेव्हा ती सभेत उभी राहिली. म्हणाली, "डोहाची उथळ बाजू मला द्या. मी पिल्लांना पोहायला शिकवीन."

सभेचा प्रमुख एक म्हातारा गवा होता. त्याने टिटवीकडे पाहिले. टिटवी म्हणाली, "डोह संध्याकाळी रिकामाच असतो. पण बाई, पाण्याचा खेळ आहे. उथळ कुठे संपतं नि खोल कुठे सुरू होतं, हे पिल्लांना दिसलं पाहिजे."

"दिसेल," पाणमांजरी म्हणाली. तिने पाण्यात बांबूच्या काठ्यांची एक रांग रोवली. काठ्यांच्या अलीकडे ससाही उभा राहू शकेल एवढेच पाणी होते. "काठीपलीकडे कोणी जायचं नाही," एवढा एकच नियम तिने पिल्लांना घालून दिला.

पहिल्या दिवशी तिच्याकडे तीन पिल्ले आली. वानराने वडावरून पाहिले आणि तो मनाशी हसला. आठ दिवसांनी तिथे दहा पिल्ले होती. महिना उलटला, तेव्हा वडाखाली चार पिल्ले उरली आणि डोहात मात्र पाय ठेवायला जागा नव्हती.

टिटवीच्या ते लक्षात आले. ती वानराकडे येऊन म्हणाली, "वानरदादा, दोन्ही वर्ग एकाच वेळी भरतात, म्हणून ही ओढाताण होते. एक दिवस तुम्ही घ्या, एक दिवस ती घेईल. पिल्लांना दोन्ही शिकता येईल."

"माझा वर्ग इतकी वर्षं रोज भरतोय," वानर ताडकन म्हणाला. "काल आलेल्या बाईसाठी मी अर्धा होऊ?"

टिटवीने आणखी समजावून पाहिले, पण वानर ऐकेना. त्या दिवसापासून त्याचे शिकवण्यात लक्ष लागेना. पिल्ले कोलांट्या मारत आणि तो डोहाकडे बघत बसे. पाण्यातून हसण्याचा आवाज आला की त्याच्या छातीत काहीतरी टोचे. आज तिकडे किती आली, हे मोजल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे, आणि मोजल्यावर तर मुळीच लागत नसे.

सर्वांत जास्त त्याला लागले ते अस्वलाच्या बच्च्याचे. तो त्याचा लाडका विद्यार्थी. एके संध्याकाळी या बच्च्याने काठावरून कोलांटी मारत पाण्यात उडी घेतली आणि सगळा डोह टाळ्यांनी भरून गेला. नंतर बच्चा ओल्या अंगाने धावत वडाखाली आला.

"काका, काका! पाणमांजरीमावशीनं विचारलं, ही कोलांटी कोणी शिकवली. मी तुमचं नाव सांगितलं. ती म्हणाली, फार सुरेख शिकवलंय, असं त्यांना जाऊन सांग!"

दुसऱ्या कोणाला या निरोपाने आनंद झाला असता. वानराचा चेहरा मात्र काळवंडला. "मला शाबासकी देणारी ही कोण?" तो पुटपुटला. बच्चा त्याच्याकडे बघतच राहिला, मग गुपचूप परत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान नेहमीप्रमाणे रिकामे होते. टिटवी पलीकडच्या टेकाडावर आपल्या अंड्यांवर बसली होती. वानर वडावरून उतरला आणि डोहापाशी गेला. त्याला कोणाला इजा करायची नव्हती. पिल्लांच्या नाकातोंडात थोडे पाणी जाईल, ती घाबरतील आणि पाण्याचा नाद सोडून आपल्याकडे परत येतील, एवढेच त्याच्या मनात होते. निदान त्याने स्वतःला तरी तसेच सांगितले. त्याने एकेक काठी उपटली आणि चार हात पुढे, खोल पाण्यात रोवली. मग तो झाडावर जाऊन बसला.

संध्याकाळी पिल्ले पाण्यात उतरली. हरिणीचे पाडस सर्वांत पुढे होते. काठ्या अजून लांब आहेत असे पाहून ते निर्धास्तपणे चालत गेले आणि एकाएकी त्याच्या पायाखालची वाळू संपली. एकदा त्याचे डोके वर आले, दुसऱ्यांदा फक्त कान दिसले, आणि मग तेही दिसेनात. पाणमांजरीने तीरासारखी बुडी मारली. बराच वेळ पाणी हलले नाही. काठावर हरिणी पाडसाला हाका मारत होती. वडावर वानराने फांदी इतकी घट्ट धरली होती की तिची साल त्याच्या नखांत रुतली.

शेवटी पाणमांजरी वर आली. तिने पाडसाला मानेला धरून ओढत आणले होते. पाडस खोकले, पाणी ओकले आणि रडू लागले. ते वाचले होते.

"हेच का तुझं शिकवणं?" हरिणी पाणमांजरीवर ओरडली. "काठीच्या अलीकडे होतं माझं लेकरू! तुझ्याच काठीच्या अलीकडे!"

पाणमांजरी काठ्यांकडे बघत राहिली. "काल तर मी..." असे म्हणून ती थांबली. आपल्याच हातून चूक झाली असेल, असे त्या बिचारीला वाटले. त्याच संध्याकाळी सभा भरली आणि डोह बंद झाला. पाणमांजरीने कोणाला दोष दिला नाही. सकाळी तिचे बीळ रिकामे होते.

वानराला वाटले, आता सगळे पूर्वीसारखे होईल. दोन दिवस वडाखाली पिल्लांची गर्दी झालीही. पण तिसऱ्या दिवशी सशीण आली आणि आपल्या पिल्लांना घेऊन गेली. "पाण्यात काठ्या चुकतात, तर पारंबी तुटणार नाही कशावरून?" ती म्हणाली. मग अस्वलीण आली. मग सगळ्याच आया आल्या. ज्या मैदानावर लेकरू बुडता बुडता वाचले, त्या मैदानावर कोणाचाच जीव रमेना. म्हातारे प्राणीही सकाळचे यायचे थांबले. हिरवळीत काटेरी झुडपे उगवली आणि उंदरांनी जागोजागी बिळे पाडली. ती बुजवा म्हणून ओरडणारे कोणी नव्हते, कारण टिटवीने काम सोडले होते.

वानर टिटवीला भेटायला टेकाडावर गेला. तिचा आवाज बसला होता. ती म्हणाली, "मैदानातला खडा न् खडा मी रोज बघायचे, वानरदादा. त्या दिवशी काठ्या बघायच्या राहिल्या. त्या पाडसाला काही झालं असतं, तर मी कोणाला तोंड दाखवलं असतं?"

वानर परत वडाखाली येऊन बसला. संध्याकाळ झाली. पारंब्या नुसत्याच वाऱ्यावर हलत होत्या. आता मोजायला डोहातही कोणी नव्हते. ज्या गर्दीचा त्याने इतका राग केला होता, ती आज समोर असती तर त्याला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच सभा बोलावली. सगळे प्राणी जमल्यावर तो म्हणाला, "काठ्या मी हलवल्या. पाणमांजरीची चूक नव्हती आणि टिटवीचीही नव्हती. पाणमांजरीचा वर्ग भरलेला मला बघवत नव्हता."

हरिणी उठली. "काठी तू हलवलीस," ती म्हणाली, "आणि नको ते मी तिला बोलले. तिनं माझं लेकरू पाण्यातून काढून दिलं, आणि मी तिला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही." एवढे बोलून ती पाडसाला घेऊन निघून गेली.

गवा म्हणाला, "पाऊस सुरू होऊन संपेपर्यंत तू वर्ग घ्यायचा नाहीस. आणि जा, तिला शोधून आण."

वानर नदीच्या काठाने दोन डोंगर ओलांडून गेला. तिथे दुसऱ्या एका जंगलाच्या डोहात पाणमांजरी पिल्लांना शिकवत होती. वानराने तिला सारे सांगितले. काही लपवले नाही, काही कमी करून सांगितले नाही.

"रोज मला वाटायचं, मी काठ्या चुकीच्या रोवल्या," ती म्हणाली. "झोपेतसुद्धा मी त्याच मोजत असायचे."

"परत चल," वानर खालमानेने म्हणाला. "पाया पडतो तुझ्या."

"नाही येता येणार. इथली पिल्लं नुकतीच तरंगायला लागली आहेत. त्यांना अर्ध्यावर कशी सोडू?" मग ती म्हणाली, "पण तुमच्याकडच्यांना शिकायचं असेल, तर त्यांना इकडे घेऊन ये. मी नाही म्हणणार नाही."

तेव्हापासून लहानग्या जंगलाची पिल्ले पोहायला दोन डोंगर ओलांडून दुसऱ्यांच्या डोहावर जाऊ लागली. त्यांना नेण्या-आणण्याचे काम वानराकडे आले. टिटवी कामावर परत आली, हिरवळही हळूहळू भरली, पण स्वतःच्या दारातला डोह मात्र रिकामाच राहिला. वानर परक्या काठावर बसून पिल्लांचा वर्ग संपेपर्यंत वाट बघे. पाण्यात हशा उसळला की अजूनही कधी कधी त्याच्या छातीत टोचत असे. पण तो उठून जात नसे. एकदा अस्वलाचा बच्चा पहिल्यांदाच या काठापासून त्या काठापर्यंत पोहून गेला आणि धापा टाकत इकडेतिकडे कोणाला तरी शोधू लागला. वानर उभा राहिला. त्याने हात उंच केला आणि ओरडून सांगितले, "पाहिलं रे, बाळा! सगळं पाहिलं!"

तात्पर्य : दुसऱ्याचे चांगले काम मोडल्याने आपले काम वाढत नाही, मत्सराने केलेले नुकसान शेवटी सगळ्यांनाच सोसावे लागते.