बांधावरच्या रिकाम्या जागा

त्या राज्यातली जमीन नदीच्या पाण्यापेक्षा खाली होती. नदी वर आणि राज्य खाली, मधे मातीचा एक लांबलचक बांध. तो होता म्हणून कुरणात गवत होते, बिळे कोरडी होती आणि पिल्ले निर्धास्त झोपत होती. बांध मातीचा, त्यामुळे रोज राखावा लागे. प्रत्येक प्राण्याला त्याचा एकेक तुकडा नेमून दिलेला होता. उजाडले की आपापल्या जागी जायचे, ओल दिसली तर माती दाबायची, भेग दिसली तर गवत ठासायचे, आणि उन्हे कलली की घरी परतायचे.

कुणी आले नाही तर शेजारचा त्याचीही जागा बघून घेई. ही रीत कुणी हुकूम काढून घातलेली नव्हती, त्यामुळे ती मोडली तेव्हाही कुणाच्या लक्षात आले नाही. एकदा म्हैस आली नाही. रानडुकराला वाटले, ससा बघेल. सशाला वाटले, रानडुक्कर बघेल. दुपारपर्यंत अर्धे कुरण पाण्याखाली गेले.

राज्याचा राजा दूर उंचावर राही. खालचा कारभार हैबत नावाचा सांबर पाही. कुरण बुडाल्यावर त्याने ठरवले की कोण आले नाही हे सकाळीच कळले पाहिजे. त्यासाठी त्याने सारजाला नेमले. सारजा ही करकोची. मान लांब, नजर साफ आणि एका पायावर तासन्‌तास उभे राहण्याची सवय. बांधाच्या मध्यावर एक टेकाड होते. तिथे उभी राहून ती रोज सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवी.

सुरुवातीला तिचे काम सर्वांनाच आवडले. रिकामी जागा दिसली की ती उडून थेट त्या प्राण्याच्या दारात उतरे.

"काय हो, आज बांधावर नाही?"

"पायात काटा मोडलाय, सारजाबाई. टेकवत नाही."

"मग पडून राहा. तुमच्या जागेचं मी बघते." आणि परत येताना ती रानडुकराला सांगे, "सशाच्या जागेवर जरा लक्ष ठेवा." रानडुक्कर कुरकुर करी, पण ठेवी. त्या दिवसांत बांध फुटला नाही.

पण हैबतला रोज वर कळवावे लागे. सारजा सांगे, "आज ससा नाही, त्याच्या पायात काटा आहे. पाणमांजर नाही, त्याची पिल्लं आजारी आहेत." हैबत वर कळवी, दोन जागा रिकाम्या. काटा आणि पिल्ले वाटेतच गळून पडत. शेवटी वरून निरोप आला की जागा रिकाम्या राहतात हे राजाला आवडलेले नाही.

हैबतने टेकाडाखाली सगळ्यांना बोलावले. "जो येणार नाही, त्याच्या गळ्यात दगड बांधला जाईल. पुन्हा आला नाही, तर त्याहून मोठा."

"आणि आजारी असला तर?" सारजाने विचारले.

"आजारी असेल तर बांधावर आजारी असावं. घरी पडून तरी तो काय करतो?"

पहिल्या काही दिवसांत बरेच दगड बांधले गेले. गळ्यात दगड घेऊन माती उचलणाऱ्यांची दमछाक होई, आणि दमलेले दुसऱ्या दिवशी उठू शकत नसत. मग त्यांना मोठा दगड मिळे. सारजाला ते पाहवत नव्हते. पण हळूहळू रिकाम्या जागा कमी होत गेल्या, आणि एका सकाळी तिने नजर फिरवली तर बांधावर एकही जागा रिकामी नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. तिसऱ्या दिवशी वरून शाबासकी आली आणि लव्हाळ्याची एक माळ हैबतने स्वतः तिच्या गळ्यात घातली.

सारजा सुखावली. न सुखावून कसे चालेल? रिकामी जागा नाही म्हणजे कुणाला दगड नाही. आता कुणाच्या दारात जायचेही कारण उरले नव्हते. तो सबंध हंगाम ती टेकाडावरून खाली उतरली नाही.

मग एका दुपारी तिला बांधावरच्या साळिंदराच्या, भिकोबाच्या पाठीवर एक परीट पक्षी बसलेला दिसला. शेपटी वरखाली करत तो मजेत बसला होता. भिकोबा रागीट. त्याच्या पाठीवर माशी बसली तरी तो फुत्कारून काटे खडखडवी. सारजा वाट पाहत राहिली. परिटाने पंख साफ केले, चोच पुसली, आणि उडून गेला. भिकोबा हलला नाही.

तो मेला की काय, या धसक्याने ती उतरली.

भिकोबा तिथे नव्हता. मातीचा एक ढीग होता आणि त्यात त्याचे गळालेले काटे नीट ओळीने खोचलेले होते. पलीकडे धामणीची जागा. तिथे काठीवर तिची कात गुंडाळलेली होती. त्यापुढे म्हैस, म्हणजे म्हशीएवढा चिखलाचा गोळा, शिंगांच्या जागी दोन वाकड्या फांद्या. तेवढी माती बांधाला लावली असती तर बांध हातभर उंच झाला असता. सारजा चालत गेली. सबंध बांधावर तिला श्वास घेणारे कुणी भेटले नाही. परत येताना भिकोबाच्या ढिगापाशी तिचा पाय ओला झाला. बांध पाझरत होता.

ती भिकोबाच्या बिळाशी गेली. आत त्याची बायको तानू कुशीवर पडली होती आणि भिकोबा पानाच्या द्रोणातून तिला पाणी पाजत होता. त्याच्या गळ्याभोवती दोरीचा वळ अजून होता.

"भिकोबा, तुम्ही इथं?"

"इथं कसा असेन? आज सकाळी तुम्हीच मला हजर धरलंत ना?"

सारजा म्हणाली, "कधीपासून चाललंय हे?"

"ही पडली तेव्हापासून. आधी आलो नाही तर दगड बांधलात. तो गळ्यात घेऊन वाकता येईना. हिला पाणी पाजता येईना आणि बांधाला माती लावता येईना. काटे गळायचे दिवस होते. म्हटलं, त्यांनाच पाठवू."

"मला सांगायचं होतंत."

"पूर्वी तुम्ही दारात यायचात, तेव्हा सांगत होतो की. आता तुम्ही टेकाडावर असता. बायको उठून बसत नाही, हे काय खालून ओरडून सांगायचं?"

तानूने डोळे उघडले. "त्यांना रागावू नका," ती सारजाला म्हणाली. "जातील ते उद्यापासून."

"कुठं जायचं नाही," सारजा म्हणाली. "तुम्ही यांच्याजवळ थांबा, भिकोबा. तुमची जागा मी बघते."

तिथून ती हैबतकडे गेली आणि पाहिलेले सगळे तिने सांगितले. हैबतने शांतपणे ऐकून घेतले.

"टेकाडावरून काय दिसतं?" त्याने विचारले.

"सगळ्या जागा भरलेल्या दिसतात."

"मग झालं तर. तुमची नेमणूक टेकाडावर आहे. उद्या राजाचा दूत बांध पाहायला येतोय. त्यालाही तिथूनच दाखवायचा आहे."

"पण कारभारी, भिकोबाच्या जागी पाणी झिरपतंय."

"भिकोबा जागेवर आहे. ते त्याचं काम आहे."

बाहेर येऊन सारजाने गळ्यातली माळ काढली. लव्हाळे वाळले होते, पण भेगेत ठासायला चालण्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती टेकाडाकडे न जाता बांधावर गेली. झिरपणाऱ्या जागी आता बोरूएवढे भोक पडले होते आणि त्यातून पाण्याची धार सरळ कुरणाकडे लागली होती. सारजाने आधी माळ ठासली, मग काट्यांच्या ढिगातली माती पायांनी ओढून वर लोटली. माती वाहून गेली. पुन्हा लोटली. तिला मातीचे काम येत नव्हते, आणि शिकायला वेळही नव्हता. भोक मोठे होऊ लागले तेव्हा तिने चोचीत चिखल धरला आणि चोच आत घातली. धार बारीक झाली. तिने ती आणखी आत रेटली. धार थांबली.

ऊन वर आले तसा दूत टेकाडावर पोचला. बरोबर हैबत होता. टेकाडावर सारजा नाही हे पाहून त्याने वर घिरट्या घालणाऱ्या घारीला खाली बोलावले आणि बांधावर नजर टाकायला सांगितले. घारीने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले.

"सगळे आपापल्या जागी आहेत," ती म्हणाली. "गैरहजर फक्त एकच."

"कोण?" दूताने विचारले.

"इथली. सारजा."

दूताने हैबतकडे पाहिले. हैबत ओशाळला. तो टेकाडाच्या कडेला आला, छाती भरून श्वास घेतला आणि सारजाच्या नावाने खणखणीत हाक मारली. हाक बांधावरून, काट्यांवरून, कातीवरून, चिखलाच्या म्हशीवरून घुमत गेली. त्या सगळ्यांच्या मधे उभ्या असलेल्या सारजाने ती ऐकली. दुसरी हाकही ऐकली. पण तिची चोच डोळ्यांपर्यंत बांधात रुतलेली होती, आणि ओ द्यायची तर ती बाहेर काढावी लागली असती.