सातवी तलवार

“…ता सगळा खरा, बुवा. पण तो माझो बांध फोडतलो काय नाय, इतक्याच सांगा.”

खेमाजी देसाई हे तिसऱ्यांदा विचारत होते. पहिल्या दोन वेळा निर्मळबुवांनी त्यांना नुसतं पाणी दिलं होतं.

‘तो’ म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, रवळोजी. बाप गेल्यावर वाटण्या झाल्या. खाडीच्या अलीकडची शेतं थोरल्याला, पलीकडची धाकट्याला. दोघांच्याही भाताला खाऱ्या पाण्यापासून राखणारा एकेक मातीचा बांध. तो फुटून उधाणाचं पाणी आत शिरलं, की तीन वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा धड उगवत नाही.

आज अमावास्या. माध्यान्हीला मोठं उधाण.

आणि चार दिवसांपूर्वी कुणीसं सांगितलं होतं, रवळोजीच्या अंगणात कुदळी जमल्यात. झालं. तेव्हापासून देसायांची पाचावर धारण बसली. कुदळी कशाला जमल्या हे विचारायला खाडी ओलांडून जावं, तर तेवढा धीर नाही. शेवटी त्यांनी ठरवून टाकलं, आपला फुटायच्या आत त्याचा फोडायचा.

त्यांची चार माणसं या घडीला रवळोजीच्या बांधाजवळ तिवरांच्या झाडीत दडून बसली होती. बुवांचा हा मठ टेकडीवर. मठाच्या गच्चीवरून दोन्ही बांध दिसत. तिथून देसायांनी पंचा हलवला, की बांधावर कुदळ पडणार होती.

आता फक्त बुवांचं ‘हो’ हवं होतं. माणूस पाप करायला निघाला, की वाटेत देवाच्या दारी थांबतोच.

“विचारणाऱ्यानं आधी एक डाव खेळायचा,” बुवा म्हणाले. “मठाचा रिवाज आहे.” बुवा मूळचे घाटावरचे. तीस वर्षं कोकणात काढूनही त्यांच्या बोलण्यावर कोकणचा वारा चढला नव्हता.

“वेळ नाय, बुवा.”

“उधाणाला दोन घटका आहेत अजून.”

बुवांनी डबा उघडला. आत तळहाताएवढी गोल, लाखेनं चकचकीत केलेली पानं होती. गंजिफाची पानं असतात तशी. पण यांवर राजे नव्हते की देव नव्हते. विहीर, घाणा, माग, बाजार, पाणवठा… गावात जे जे लागतं ते बुवांनी आपल्या हातानं रंगवलं होतं. सणासुदीला गावातली घरंच्या घरं हा डाव मांडून बसत.

मठात रांधणाऱ्या आवडूला त्यांनी हाक मारली. ती हात पुसत आली आणि देसायांच्या डाव्या हाताला बसली. तिच्या पलीकडे बुवा.

डाव सोपा होता. प्रत्येकाला सात पानं. त्यातलं एक ठेवून घ्यायचं, आपल्या पुढ्यात मांडायचं. उरलेली सगळी डावीकडच्या शेजाऱ्याला द्यायची, उजवीकडून येतील ती घ्यायची, त्यातलं पुन्हा एक ठेवायचं. असं करत सात पानं पुढ्यात आली, की ते आपलं गाव. कुणाच्या गावात राहावंसं वाटतं, हे शेवटी सगळ्यांनी मिळून सांगायचं.

“तलवारीही आहेत,” बुवा म्हणाले. “सहा रंगवल्यात.”

देसायांनी आपली पानं उघडली. विहीर होती, वैद्य होता, भलाथोरला आंबा होता. आणि एक तलवार. तलवार सोडली असती, तर ती आवडूकडे गेली असती.

आवडू बारा वर्षं त्यांना या मठात जेवायला वाढत होती. देसायांना स्वतःचीच लाज वाटली. तरी त्यांनी तलवारच ठेवून घेतली.

आवडूनं विहीर घेतली.

उजवीकडून बुवांची पानं आली. त्यांत दोन तलवारी. देसायांनी एक घेतली, दुसरी द्यावी लागली. ती पानं आवडूच्या हातून बुवांकडे आणि बुवांच्या हातून पुन्हा आपल्याकडे येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागला. तलवार जशीच्या तशी परत आली. कुणी शिवलंसुद्धा नव्हतं.

त्यांनी ती झडप घालून उचलली.

हाती येईल त्यातून तलवार काढायची, एवढंच मग त्यांना दिसत होतं. सहा फेऱ्यांत सहा तलवारी त्यांच्या पुढ्यात आल्या. शेवटचं एकुलतं एक पान हातात आलं, ते भाताचं शेत निघालं. देसायांनी ते न बघितल्यासारखं खाली टाकलं.

डाव संपला. आवडूच्या गावात विहीर होती, बाजार होता, सूप पाखडणारी बाई होती. बुवांच्या गावात आंब्याखाली वैद्य बसला होता.

देसाई आपल्या तलवारी पुन्हा पुन्हा मोजत होते.

“सातवी खंय असा?”

“सहाच रंगवल्या मी.”

“सात पानांचो डाव. तलवारीय सातच असतल्यो.”

आवडूनं पदर झटकून दाखवला, दोन्ही हात उताणे केले.

“देसायांनू, सगळ्यो तुमच्याकडेच असत. आता तुमका कोण मारतलो?”

तलवारी डावात फिरत होत्या तोवर कशाला भ्यायचं, ते तरी देसायांना कळत होतं. आता ती न दिसणारी एक उरली होती, आणि अंगाला घाम फुटला होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो हा असा.

खाली टेकडीच्या पायथ्याशी पाणी आपटू लागलं.

देसाई उठले. खांद्यावरचा पंचा त्यांनी हातात घेतला आणि गच्चीच्या जिन्याकडे निघाले. पहिल्या पायरीशी मात्र पाय अडला. ते वळले. आवाज इतका खाली गेला होता, की आवडूला तो ऐकूही आला नाही.

“बुवा… खरा सांगा. सातवी कोणाकडे असा?”

बुवा पानं गोळा करत होते.

“रवळोजीही पहाटे हेच विचारत होता.”

“तो हय इल्लो?”

“इथंच बसला होता, तुमच्या जागेवर. त्याच्याही पुढ्यात सहाच्या सहा होत्या.”

देसायांच्या मुठीत पंचा आवळला गेला.

“मगे… काय केल्यान तेणां?”

बुवांनी जिन्याकडे पाहिलं. मग हातातली पानं खाली ठेवली.

“वर आहे तो. पंचा हातात धरून बसलाय सकाळपासून… सावकाश चढा. पावलं वाजली, तर घाबरेल.”