सर्व्हर आणि श्रीपतरावांची भीड

घाट उतरल्यावर जे पहिलं गाव लागतं, त्या गावात श्रीपतराव लोंढे नावाचे एक निवृत्त पोस्टमन राहत होते. जन्मभर सायकलवरून टपाल वाटलेलं, त्यामुळे पंचक्रोशीतलं घर न् घर त्यांना पाठ. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम आपणहून अंगावर घेतलं. कुणाला रक्त लागलं, की दाता शोधून द्यायचा. कुणाचा रक्तगट कोणता, कोण धडधाकट आहे, कुणी नुकतंच रक्त दिलंय, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. कागदावर एक ओळ नाही. लिहून ठेवलं की डोकं आळशी होतं, असं ते म्हणत, आणि लोकांना त्याचं फार कौतुक वाटे.

श्रीपतराव स्वभावाने भारी भिडस्त. दुसऱ्याच्या घरी चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तरी कप रिकामा करून ‘छान झालाय’ म्हणून उठणारा माणूस. तुमच्या या गोडपणाने एक दिवस मोठा घोटाळा होणार आहे, असं त्यांच्या पत्नी मालनबाई नेहमी सांगत. तो झालाच.

त्या उन्हाळ्यात एका आजारी बाईसाठी श्रीपतरावांनी भलत्याच गटाचा माणूस दवाखान्यात पाठवला. तपासणीत चूक लगेच लक्षात आली, दुसरा दाता मिळाला, बाई बरी झाली. कुणी त्यांना चकार शब्दही बोललं नाही. पण आपलं डोकं आता दगा द्यायला लागलं, हे श्रीपतरावांना कळून चुकलं. ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, मालनबाईंनासुद्धा नाही.

पुढे अधिक महिना आला. लेक मुक्ता आणि जावई हेमंत धोंड्याच्या जेवणाला आले. हेमंत शहरात कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला होता. सहज सुचल्यासारखं दाखवून श्रीपतराव त्याला म्हणाले, की ही रक्तदात्यांची नावं कॉम्प्युटरवर असती तर बरं झालं असतं. जावई उत्साही होता. मुक्ताच्या कॉलेजच्या वेळचा कॉम्प्युटर कोपऱ्यात झाकून ठेवलेला होता, तो त्याने उघडला आणि त्यात नावं साठवून ठेवणारं डेटाबेस सर्व्हर नावाचं काहीतरी टाकलं. मग श्रीपतराव डोळे मिटून नावं सांगत गेले आणि मुक्ता ती एका काळ्या स्क्रीनवर टाइप करत गेली. संध्याकाळपर्यंत सगळी नावं आत गेली.

पान वाढलं, तेव्हा हेमंतने सासऱ्यांना सगळं समजावून सांगितलं. सर्व्हर हा मागच्या मागे काम करतो, समोर काही दिसत नाही. नावं बघण्यासाठी एक छोटा प्रोग्राम लागेल, तो करून पाठवतो, तोवर त्याला हात लावू नका. श्रीपतरावांना यातलं काहीएक कळलं नाही. पण धोंड्याच्या जेवणाला बसलेल्या जावयाला पुन्हा पुन्हा विचारायचं कसं? ‘कळलं, कळलं’ असं म्हणून त्यांनी मालनबाईंना जावयाच्या पानात आणखी एक अनारसा वाढायला सांगितला.

पाहुणे गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटर चालू केला. स्क्रीनवर पूर्वीचंच हिरव्या कुरणाचं चित्र आलं. नावं नाहीत, काळी स्क्रीन नाही, सर्व्हर म्हणावं असं कुठेच काही नाही. त्यांनी जिथे जिथे बाण नेता येईल तिथे तिथे नेऊन पाहिला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. चित्र तेच. जावयाचं काम फसलं, असाच त्यांनी अर्थ काढला.

आता जावयाला फोन करून ‘तुमचं काम फसलं’ हे सांगायचं कुणी? ते तर श्रीपतरावांकडून जन्मात झालं नसतं. त्यापेक्षा दुसऱ्या कुणाकडून गुपचूप करून घ्यावं, म्हणजे कुणाचाच मान जायला नको, असा सोयीस्कर विचार त्यांनी केला. बाजारपेठेत कॉम्प्युटरचे क्लास घेणारे निकम सर होते. त्यांना त्यांनी घरी बोलावलं.

निकम सरांनी खुर्चीत बसताच विचारलं, की याच्यात आधी कुणी सर्व्हर टाकायचा प्रयत्न केला होता का? श्रीपतरावांच्या डोळ्यांसमोर उभी बाजारपेठ आली. लोंढ्यांच्या जावयाला साधा सर्व्हर टाकता आला नाही, हे संध्याकाळच्या आत पानाच्या टपरीपर्यंत पोचलं असतं. ते म्हणाले, ‘छे, छे. अगदी कोरा आहे.’

सर कामाला लागले. स्क्रीनवर एक हिरवी पट्टी पुढे पुढे सरकत गेली, अगदी शेवटाशी आली, आणि तिथे लाल फुली उमटली. खाली इंग्रजीत बरंच काही लिहून आलं. ते न वाचताच सरांनी ओके दाबलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा पट्टी, पुन्हा फुली. त्यांनी अँटिव्हायरस बंद करून पाहिला, निराळी आवृत्ती टाकून पाहिली, कॉम्प्युटर बंद-चालू करून पाहिला. अखेरीस घाम पुसत त्यांनी निकाल दिला, की मशीनच म्हातारं झालंय. मालनबाईंनी पोहे दिले, ते खाऊन सर गेले.

त्यानंतर तर सगळाच गोंधळ झाला. कॉम्प्युटर लावला, की काही न करताच एक सूचना डोकवायची. ओके म्हटलं की दुसरी यायची. आपण काय कबूल करतोय हे न कळता श्रीपतराव ओके दाबत राहायचे. मधूनच त्यांना वाटे, की जावयाने खरंच सर्व्हर टाकला होता, की टाकतो असं नुसतं म्हणाला होता? आपण नावं सांगितली ती खरोखर, की मनातल्या मनात? झोपाळ्यावर बसून ते नावं पुन्हा म्हणायला लागले, तर मध्येच गाळलेल्या जागा येऊ लागल्या. विसरतंय कोण, कॉम्प्युटर की आपण, हेच त्यांना कळेना. त्यांना मनापासून भीती वाटायला लागली.

मुक्ताचा फोन आला, की सगळं ठीक चाललंय ना? झकास, असं त्यांनी सांगितलं.

अशातच एके दिवशी सकाळी तालुक्याच्या दवाखान्यातून एका माणसाचा फोन आला. त्याची बहीण बाळंतपणासाठी दाखल होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन करायचं होतं आणि तिला ओ निगेटिव्ह रक्त लागणार होतं. रक्तपेढीत ते शिल्लक नव्हतं. श्रीपतराव नेहमीप्रमाणे म्हणाले, काळजी करू नका, माणूस आहे. फोन ठेवला आणि ते नाव आठवायला बसले. माणूस होता हे नक्की. त्या गटाचं पंचक्रोशीत एकच कुणीतरी होतं, हेही नक्की. डोळ्यांसमोर पिठाने पांढरे झालेले दोन हात येत होते. पण त्या हातांना ना चेहरा येईना, ना नाव, ना गाव. मोबाइलमधले नंबर त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचले. नुसत्या नावांवरून रक्तगट थोडाच कळतो?

शेवटी ते शेजारच्या देशमान्यांच्या सुनेकडे गेले. तिचं नाव शर्वरी. ती घरात बसून एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करायची. सर्व्हर दुरुस्त झाला तर आत गेलेली नावं कदाचित दिसतील, अशी एक वेडी आशा श्रीपतरावांना होती, पण ती त्यांनी तोंडावाटे काढली नाही. सर्व्हर चालत नाही, जरा बघशील का, एवढंच ते म्हणाले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत शर्वरी आली. तिनेही पहिल्यांदा तेच विचारलं, आणि श्रीपतरावांनीही तेच सांगितलं. कोरा आहे. एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलायला जीभ अडखळतसुद्धा नाही.

तिने सर्व्हर टाकून पाहिला, तशी पुन्हा लाल फुली आली, पण त्या फुलीखालचं इंग्रजी वाचणारी शर्वरी पहिलीच. ते वाचताना तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिने श्रीपतरावांना सोप्या शब्दांत सांगितलं. सर्व्हर एका ठरलेल्या दारातून बाहेरच्यांशी बोलतो. या कॉम्प्युटरमध्ये त्या दारात आधीच एक सर्व्हर बसलेला आहे. म्हणून नवा येतो, दार अडलेलं बघतो आणि कोसळतो. असे कोसळलेले अर्धवट सर्व्हर आत पडून आहेत, तेच आता सूचना पाठवतात.

‘काका, पहिला सर्व्हर मजेत चालू आहे. तो टाकला कुणी?’

‘आपोआप आला असेल,’ श्रीपतराव म्हणाले.

शर्वरीला हसू आलं, पण वडीलधाऱ्या माणसाला हसायचं कसं म्हणून तिने ते गिळलं. कुणाचाच नसेल तर आतलं सगळंच्या सगळं पुसून नव्याने टाकणं बरं, असं ती म्हणाली. तिने पुसायची तयारी केली. स्क्रीनवर शेवटचा प्रश्न आला. तिने बाण बटणावर नेला आणि मान वळवून विचारलं, ‘यात तुमचं काही नाही ना? एकदा पुसलं की परत मिळायचं नाही.’

श्रीपतराव बटणाकडे बघत राहिले. काय खरं आणि काय खोटं, हे त्यांना त्या क्षणीही नीट कळत नव्हतं. पहिला सर्व्हर चालू आहे म्हणजे तो जावयाचाच का? मग त्यातली नावं जिवंत आहेत का? काही सांगावं तर जावयाची गोष्ट निघणार, निकम सरांची निघणार, आणि त्यामागून, नावं डोक्यात राहिली नाहीत, ही सगळ्यांत जड गोष्टही निघणार. नुसतं ‘नाही’ म्हटलं की सगळं झाकलं जाणार होतं. तोंडाशी ‘नाही’ आलंही होतं. तेवढ्यात पुन्हा ते पिठाचे हात दिसले, आणि दवाखान्यात झोपलेली ती न पाहिलेली मुलगी आठवली.

‘थांब, पोरी,’ ते म्हणाले. ‘मी तुझ्याशी खोटं बोललो.’

मग त्यांनी सगळं सांगितलं. धोंड्याच्या जेवणापासून निकम सरांच्या पोह्यांपर्यंत. सकाळच्या फोनचंही सांगितलं. आणि शेवटी, चहा घेऊन आलेल्या मालनबाई दारात उभ्या आहेत हे दिसत असतानाही, म्हणाले, ‘ती नावं आता मला आठवत नाहीत. मला हल्ली पुष्कळ काही आठवत नाही.’

शर्वरीने बाण बटणावरून काढला. मालनबाईंनी श्रीपतरावांच्या हातात चहा दिला आणि पाठीवर हात ठेवला. त्यांना हे बरेच दिवस कळलेलं होतं, पण नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून त्याही गप्प होत्या.

श्रीपतरावांनी स्वतः जावयाला फोन लावला. ‘जावईबापू, तुम्ही त्या दिवशी काय सांगितलंत, ते मला अजिबात कळलं नव्हतं.’

हेमंत म्हणाला, ‘मामा, तुम्ही कळलं म्हणालात, म्हणून मीही पुढे सांगितलं नाही.’ प्रोग्राम करायला उशीर झाला म्हणून तोच बिचारा फोन करायला संकोचत होता. त्याने पासवर्ड सांगितला. शर्वरीने काळी स्क्रीन उघडून काही टाइप केलं, आणि श्रीपतरावांनी डोळे मिटून सांगितलेली नावं एकाखाली एक येऊ लागली. एकही गेलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून सर्व्हर व्यवस्थित चालत होता.

ओ निगेटिव्हपुढे एकच नाव होतं. इंदुमती खरात, टेकवाडी. तिची पिठाची गिरणी होती. श्रीपतरावांनी नाव वाचलं, आणि त्या पांढऱ्या हातांना एकदम चेहरा आला. त्यांना रडू आवरेना, आणि ते आवरायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

इंदुमतीबाई गिरणी बंद करून त्याच संध्याकाळी तालुक्याला गेल्या. ऑपरेशन नीट पार पडलं, बाळ आणि आई दोघंही सुखरूप राहिली. शर्वरीने अर्धवट पडलेले सर्व्हर वेचून काढून टाकले, तशी सूचनांची कटकट थांबली. श्रीपतराव निकम सरांकडे जाऊन खरं काय ते सांगून आले. सर काही दिवस फुगून बसले, मग आपणहून पोहे खायला आले. काही दिवसांनी हेमंतचा प्रोग्रामही आला, आणि तो कसा वापरायचा हे श्रीपतरावांनी तीनतीनदा विचारून घेतलं.

पुढे पुन्हा कुणाचा तरी रक्तासाठी फोन आला. श्रीपतरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं, ‘मला आठवत नाही. बघून सांगतो.’ एवढं बोलून ते श्वास रोखून थांबले. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘बरं, बघा. मी थांबतो.’

तात्पर्य: न कळलेल्या गोष्टीला भिडेपोटी ‘कळलं’ म्हणू नये, आणि मदतीला आलेल्यापासून आधी घडलेलं लपवू नये, कारण अर्धंच माहीत असलेला मदतनीस कितीही हुशार असला, तरी आपलंच मोलाचं ते आपल्या संमतीने पुसून टाकतो.