हजार खांबांची पानगळ

एका राज्यात हजार खांबांचा एक महाल होता, आणि दर शिशिरात त्या महालात पानगळ होई. लाकडी खांबांवरून सुकी पानं गळत, राजाच्या मुकुटात अडकत, प्रधानाच्या दौतीत पडत. नोकर झाडू घेऊन येत, पानं भरून नेत आणि दरबार पुढे चालू होई. नवल कुणालाच वाटत नसे. शाप होता तो, आणि शापाचीही माणसाला सवय होते.

त्या शापाची हकिगत अशी. राजा धवलकेतू गादीवर आला तेव्हा राज्य गरीब होतं. नद्यांना पूल नव्हते, गावांना पाठशाळा नव्हत्या. राजा मनाचा चांगला, पण उतावळा. त्यानं प्रधान सुबंधूकडून एक योजना लिहून घेतली. रान तोडायचं, पूल बांधायचे, पाठशाळा उभारायच्या. आणि या सगळ्याच्या आधी, कारण असं नेहमीच होतं, महाल बांधायचा. बघता बघता ऐनाची हजार झाडं आडवी झाली आणि त्यांचे खांब उभे राहिले. तेव्हा रानातून एक वनजोगी आला. ओल्या खांबावर हात ठेवून म्हणाला, "राजा, यातलं एकही झाड तुझ्या ओळखीचं नव्हतं. आता तुझं लेकरू रानातलं एक झाड होईल. कोणतं, ते तुला कळणार नाही. आणि रान तुझ्या ओळखीचं होईतो या खांबांवरून दर शिशिरात पानं गळतील."

राजाला एकुलती एक लेक, शेवंती. सात वर्षांची. राणी बाळंतपणातच गेलेली, म्हणून पोरीच्या वेण्या राजाच घालत असे, त्याही वाकड्या. त्या वेळी ती अंगणात सागरगोटे खेळत होती. गोटे तिथेच राहिले आणि पोर नाहीशी झाली.

राजा वेडापिसा झाला. न जाणो, कुणाची कुऱ्हाड तिच्यावर पडली तर! त्यानं फर्मान काढलं की रानात कुणी पाऊल टाकायचं नाही, काडीसुद्धा उचलायची नाही. पिढ्यानपिढ्या रानात राहणारी माणसंही त्यानं रानाबाहेर काढली. आठ वर्षं रान बंद राहिलं. शेतकऱ्यांचे नांगर मोडले ते नवे होईनात. घरांच्या चौकटी उखडून चुलीत गेल्या. बरं, रानाचं तरी भलं झालं का? छे! वाळका पाला गुडघाभर साचला, एका उन्हाळ्यात वणवा पेटला आणि तो विझवायला रानात माणूसच नव्हता. एक अख्खा डोंगर जळाला. राजा तीन दिवस त्या राखेत बसून राहिला. शेवंती याच डोंगरावर असली तर?

चौथ्या दिवशी मोठ्या पिवळ्या चोचीचा एक धनेश पक्षी त्याच्यासमोर उतरला.

"तुझी लेक जिवंत आहे," पक्षी म्हणाला.

"कोणतं झाड?"

"ते मी सांगायचं नाही. तीन कामं कर. रानातली झाडं मोज. रान न दुखवता राज्यातली प्रत्येक चूल पेटव. मग स्वतःच्या हातानं एक झाड तोड."

"आणि तीच शेवंती असली तर?"

पक्षी पंखांचा मोठा आवाज करत उडून गेला.

पहिलं काम प्रधानानं अंगावर घेतलं. उंच बुरुजावर चढला, दुपारपर्यंत मोजदाद केली, खाली उतरून जेवला आणि दरबारात आकडा वाचून दाखवला. तोच हजार खांबांवरून पानांचा असा पाऊस पडला की प्रधानजी गळ्यापर्यंत गाडले गेले. आकडा खोटा होता. राजानं मुकुट काढून ठेवला आणि तो पायी रानाकडे निघाला.

वेशीबाहेरच्या झोपडीत ठमाई नावाची म्हातारी राहत होती. जन्म तिचा रानात गेला होता, आणि राजाच्याच शिपायांनी तिला तिथून हुसकलं होतं. राजा मान खाली घालून म्हणाला, "आजी, मला झाडं मोजायला शिकव."

 रागावून हाकलावं असंच ठमाईच्या मनात होतं. पण त्याचे डोळे पाहिले आणि तिला राहवेना. "चल बाबा," ती म्हणाली. "पण वर नको बघू. म्हातारी झाडं कुणीबी मोजंल. खाली बघ. पोरं किती हायती त्ये मोज. ज्या रानात पोरं न्हाईत, त्ये रान उभं दिसलं तरी संपल्यालं असतं."

मग राजा गुडघ्यांवर बसला. बोटभर रोपं, वीतभर रोपं, पालापाचोळ्याखाली दबलेली रोपं. प्रत्येकाच्या शेंड्यावरून तो हात फिरवी आणि मनात म्हणे, तू आहेस का गं? मोजता मोजता दोन वर्षं गेली. कोणत्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी अंडी घेऊन बसते, कोणतं झाड पोखरलंय, कुठे पाणी मुरतं, सगळं त्याला ठाऊक झालं. त्यानं दरबारात आकडा सांगितला तेव्हा एकही पान पडलं नाही.

दुसऱ्या कामासाठी त्यानं प्रधानाचा नकाशा गुंडाळून ठेवला आणि रानाची माणसं रानात परत आणली. गावोगावच्या लोकांनी आपापल्या खळ्यावर कोळशानं आपल्या वाट्याचं रान रेखाटलं. कुठे मध, कुठे हिरडा, कुठे जळण, कुठे बिलकूल हात लावायचा नाही. गळ्यापर्यंत गाडला गेलेला माणूस नम्र होतो. प्रधानानं उकिडवं बसून ते सगळं उतरवून घेतलं. रानाचे बारा भाग झाले. दर साली एकच भाग उघडायचा, बाकीचे अकरा निजू द्यायचे. उघडलेल्या भागातलं वाळकं आणि दाटीतलं तेवढंच घ्यायचं. त्या वर्षी राज्यातली प्रत्येक चूल पेटली, आणि शिशिर आला तरी महालात झाडूची गरज पडली नाही.

उरलं तिसरं काम. राजा ते टाळत राहिला. आज नको, उद्या बघू. अखेर नदीपलीकडच्या बायका पूल मागायला आल्या. त्यांच्यातली एक अडलेली बाळंतीण पूल नव्हता म्हणून पैलतीरावरच दगावली होती. राजाला राणी आठवली. त्यानं कुऱ्हाड उचलली.

त्या साली उघडलेल्या भागात दाटीतला एक जुना ऐन होता. सरळ, भरलेला, ढोली नसलेला. राजा त्याच्यापुढे उभा राहिला.

"आजी, हीच माझी पोर असली तर?"

"परत्येक झाड कुनाचं तरी आसतंच," ठमाई म्हणाली. "म्हनून आमी सांगून तोडतो. कुनासाठी, कशासाठी."

राजानं बुंध्याशी मूठभर तांदूळ ठेवले. "नदीपलीकडच्या बायांसाठी," तो म्हणाला, "पुलासाठी." मग त्यानं झाडाभोवती फेरी मारली. पूर्वेला रोपं दाट होती, त्यांतली काही त्यानं स्वतः मोजलेली. म्हणून त्यानं दोर बांधून झाड पश्चिमेला ओढून धरलं, डोळे मिटले नाहीत, आणि घाव घातला.

ऐन पश्चिमेला पडला. एकही रोप चिरडलं नाही. वर आभाळाचा एक तुकडा मोकळा झाला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या जागी ऊन उतरलं. ते जांभळाच्या एका वीतभर रोपावर पडलं. रोपानं आळस दिला, आणि तिथे शेवंती उभी राहिली.

सात वर्षांचीच. वाकड्या वेण्या तशाच. राजाची दाढी पांढरी झाली होती आणि पोर मात्र तेवढीच होती.

"तुम्ही किती म्हातारे झालात, बाबा!" ती म्हणाली. "मला सावलीत वाढताच आलं नाही."

राजा तिला पोटाशी धरून लहान मुलासारखा रडला. "तू होतीस कुठे? मी सगळीकडे शोधलं गं."

"मला ठाऊक आहे. मोजताना तुम्ही माझ्या डोक्यावरूनही हात फिरवला होता. मी ओळखलं तुम्हाला. तुम्ही पुढच्या रोपाकडे गेलात, आणि त्याच्यावरूनही तसाच हात फिरवलात."

शाप सुटला. नदीवर पूल झाला. हजार खांबांच्या महालात राजानं राज्यातली पहिली मोठी पाठशाळा उघडली आणि स्वतः राहायला साध्या घरात गेला. रानाचे बारा भाग आजही आळीपाळीनं निजतात, आळीपाळीनं जागे होतात. त्या राज्यात जो कुणी राजा होतो त्याला मुकुट घालण्याआधी रानात नेऊन गुडघ्यांवर बसवतात, आणि पोरं मोजायला लावतात.