चुलीमागे एक मडके

पूर्वी शिलावती नगरात विदूरथ नावाचा राजा राज्य करीत असे. त्या काळी बोधिसत्त्व एका अमात्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव संवर. तो मोठा झाल्यावर राजाने नगराच्या पाण्याचा सगळा कारभार त्याच्यावर सोपवला.

शिलावती डोंगरउतारावर वसली होती. वरच्या तळ्यातून दगडी कालव्याने पाणी येई आणि आळीआळीतल्या तोट्यांना मिळे. वापरून झालेले सांडपाणी मोऱ्यांतून नाल्यात आणि नाल्यातून उताराला जाई. कालव्याला गवंडी लागत, नाल्याला गाळ काढणारे लागत, आणि त्यांना पोट होते. म्हणून नगरात पाणपट्टी होती. पूर्वी ती हत्ती बाळगणाऱ्याला आणि कोंबडी बाळगणाऱ्याला सारखीच असे. संवराला ते पटले नाही. त्याने पुष्कळ विचार करून नवा दर बसवला.

तो दर असा. प्रत्येक तोटीपाशी एक राखणदार बसे. त्याच्याजवळ रोज सकाळी रिकामे केलेले एक मडके असे, आणि मडक्यावर गेरूची रेघ. कोणी घागर भरली की राखणदार मडक्यात मातीची एक गोळी टाकी. गोळ्या रेघेपर्यंत येत तोवर पाणी अगदी स्वस्त. रेघेच्या वर गेल्या की तिप्पट भाव. गरजेपुरते पाणी सर्वांना परवडावे आणि चैनीचे पाणी चैन करणाऱ्याने भरावे, असा त्यामागचा हेतू. हा दर इतका सुबक होता की शेजारच्या राज्यांतले अमात्य तो बघायला येत. दर बघून काय दिसणार ते देव जाणे, पण येत, माना डोलावत आणि जेवून जात. राजा तर असा खूश झाला, की येत्या जलोत्सवात तळ्याच्या बांधावर संवराचे नाव कोरायचे त्याने ठरवले. शिळासुद्धा घासूनपुसून तयार झाली.

त्या नगरात एक जुना रिवाज होता. ज्या आळीची पाणपट्टी थकेल तिची तोटी लाकडाची खुंटी मारून बंद करीत. पण ती खुंटी शिपायाने मारायची नाही. ज्याने दर ठरवला त्यानेच तिथे जायचे आणि स्वतःच्या हाताने मारायची. संवराला अजून ती वेळ आली नव्हती. उत्सव तोंडावर आला आणि ती आली. नगराच्या खालच्या टोकाच्या बुरूड आळीची पाणपट्टी थकली होती.

संवर सकाळीच खुंटी आणि मोगरी घेऊन निघाला. आळीत पोचला तर तोटीवर भांडण जुंपलेले. ज्याची घागर आधी लागेल त्याला स्वस्त पाणी, उशिरा येणाऱ्याला महाग, म्हणून जो तो पुढे घुसत होता. कोणाचे कोपर कोणाच्या बरगडीत गेले होते. या सगळ्यांपासून लांब, भिंतीला टेकून, कणेरी नावाची एक म्हातारी बुरुडीण रिकामी घागर घेऊन उभी होती.

संवराने विचारले, "आजी, तुम्ही रांगेत का नाही?"

"मला घेत न्हाईत रांगेत," कणेरी म्हणाली. "सून बाळंत झालीया माझी. तिला शेकायला पाणी, बाळाची दुपटी धुवायला पाणी. तर आळी म्हणती, तुमच्या बाळंतपणापायी गोळ्या रेघेवर गेल्या, तुमच्यापायी समद्यांना महाग पडलं. आता मी खालच्या नाल्याचं आणती. गाळती, उकळती. पर लेकरू दूध ओकतंय ओ. कालपासनं तर रडायचं पन थांबलंय त्याचं."

रांगेतली एक बाई तावातावाने म्हणाली, "मग आमी काय करावं? आमची पोरं काय आभाळातनं पडलीत?" आणि एवढे बोलून ती स्वतःच रडू लागली. ती वाईट बाई नव्हती. त्या आळीत वाईट असे कोणीच नव्हते.

संवराने खुंटी बाजूला ठेवली. "आधी ह्या आजींची घागर भरा. ती गोळी माझ्या नावावर," असे तो राखणदाराला म्हणाला आणि मडक्याशेजारी बसून राहिला. पाहतो तो उन्हे छपरांवर यायच्या आत गोळ्या रेघेला भिडल्या. त्याने मान वर करून आळीकडे पाहिले. प्रत्येक झोपडीतून चुलीचा धूर निघत होता. एवढ्या चुली, आणि मडके एक. आपण रेघ तोटीला मारली, माणसांना नाही, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याचे कान तापले.

तिथून तो तडक श्रेष्ठी पूर्णकाच्या हवेलीवर गेला. पूर्णक हा नगरातला सर्वांत मोठा व्यापारी. त्याच्या हवेलीत अंगणागणिक तोटी होती. एक न्हाणीघरात, एक गोठ्यात, एक बागेत, आणि एक नुसती हंसांच्या तळ्यासाठी. प्रत्येक तोटीपाशी वेगळे मडके, आणि एकाही मडक्यात गोळ्या रेघेपर्यंत पोचलेल्या नव्हत्या. हंस मजेत पोहत होते, तेही स्वस्त पाण्यात.

पूर्णक हसत म्हणाला, "अमात्य, तुमच्या दरासारखा दर नाही! आम्ही एक थेंब वाया घालवत नाही बघा. रेघेच्या आत म्हणजे आत."

"आणि हंसांच्या तळ्यातले जुने पाणी कुठे जाते?"

"नाल्यात. त्याचे काय आहे, पाणी घेतले त्याचे मोल मी दिले. सांडपाणी तर मी नगराला परत करतो. खरे म्हणजे त्याचे नगरानेच मला काही द्यायला हवे."

आपण विनोद केला असे त्याला वाटले. पण तो नाला बुरूड आळीशी उघडा पडत होता, आणि त्याच नाल्यावर कणेरी घागर बुडवत होती. संवराचा चेहरा पाहून पूर्णक जरा गंभीर झाला. त्याने आवाज खाली आणला. "हे पाहा, उत्सव होऊन जाऊ द्या. बांधावर नाव एकदा कोरले गेले की कोणी पुसत नाही. आज खुंटी मारा. दर हवा तर पुढच्या साली बदला. बुरुडांचे काय, ते नाल्याला सरावलेले असतात."

खोटे कशाला सांगा, संवर क्षणभर थबकला. त्याला तो दर प्रिय होता. रात्रंदिवस डोके झिजवून त्याने तो जुळवला होता, आणि आपले नाव दगडावर असावे असे कोणाला वाटत नाही? पण पुढचे साल येईपर्यंत ते लेकरू उरणार नव्हते. तो तसाच वळला आणि राजसभेत गेला.

भर सभेत त्याने खुंटी राजापुढे ठेवली. "महाराज, बुरूड आळी चुकलेली नाही. दर चुकला आहे. म्हणजे मी चुकलो आहे."

राजाला राग आला. "अमात्य, देशोदेशीचे लोक जो दर पाहून गेले तो चुकला म्हणता? मग आमचेही हसे होणार."

"होईल, महाराज. थोडे दिवस होईल. मी तोट्या मोजल्या, चुली मोजल्या नाहीत. त्यामुळे ज्याच्या घरी तोट्या अनेक तो गरीब ठरला, आणि एका तोटीवर जगणारी अख्खी आळी श्रीमंत ठरली."

राजाने समोरची खुंटी उचलून हातात घेतली. मग म्हणाला, "पुढे बोला."

"तोटीमागे मडके नको, चुलीमागे मडके द्या. एका तोटीवर जितक्या चुली, तितकी मडकी. एका चुलीच्या तोट्या कितीही असोत, मडके एकच. आणि ज्याचे पाणी रेघेवर जाईल त्याने नाल्याचाही भार उचलावा, कारण जितके पाणी घरात येते तितकेच मळून बाहेर पडते. त्या पैशातून नाला झाकून बुरूड आळीच्या पलीकडे, खालच्या उताराला नेऊ. पाणी फुकट मात्र कोणालाच नको. फुकट दिले तर चार उन्हाळ्यांत कालवा ढासळेल, आणि तहानेने आधी खालची आळीच मरेल."

पूर्णकही तोवर धापा टाकत सभेत पोचला होता. तो उठला. "ठीक आहे. मग मी अंगणागणिक चूल पेटवतो!"

राजाला हसू आवरेना. "अवश्य पेटवा, श्रेष्ठी. पण प्रत्येक चुलीवर रोज अन्न शिजले पाहिजे, आणि दारात येईल त्याला तिथे जेवू घातले पाहिजे. नुसत्या धुराला आम्ही चूल म्हणत नाही." पूर्णक हळूच खाली बसला.

राजाने नवा दर मान्य केला आणि बुरूड आळीची थकबाकी रद्द केली. शिळेवर मात्र नाव कोरले गेले नाही. ती गवंड्यांनी उचलून नाल्यावर झाकण म्हणून घातली. संवराला त्याचे दुःख झाले का? थोडेसे झाले असावे, तोही माणूसच होता.

उत्सवाच्या सुमारास तो पुन्हा बुरूड आळीत गेला. तोटीशेजारी मडक्यांची लांब ओळ मांडलेली होती, आणि प्रत्येकावर ज्याने त्याने आपल्या घरची खूण काढली होती. कणेरी उन्हात पाय पसरून बसली होती आणि पायांवर नातवाला घालून न्हाऊ घालत होती. पोर बेंबीच्या देठापासून ओरडत होते. रांगेत रडलेली ती बाई शेजारी उभी राहून वरून पाणी ओतत होती, आणि ते ती आपल्या घागरीतले ओतत होती.

"आवाज आला ओ लेकराला," कणेरी त्याला पाहून म्हणाली. "ऐका, ऐका कसं बोंबलतंय!" आणि संवर तिथेच उभा राहून ते रडणे ऐकत राहिला. त्याला त्याहून गोड काही त्या दिवशी ऐकायचे नव्हते.

पाय धुण्याच्या पाण्यावरून भिक्षूंमध्ये कुरबूर झाली तेव्हा त्यांच्या गुरूने, शास्त्याने, ही कथा सांगितली आणि जातकाचा मेळ असा घातला: "तेव्हाचा विदूरथ राजा म्हणजे आजचा आपला भिक्षू आनंद. कणेरी म्हणजे आपल्या आजारी भिक्षूंची शुश्रूषा करणारी ती वृद्ध उपासिका. तिचा नातू आज नवदीक्षित तरुण श्रामणेर आहे, आणि आवाज अजून तसाच आहे. पूर्णक इथेच बसला आहे. त्याचे नाव मी घेत नाही, पुढच्या वेळी तो पाणी बेतानेच घेईल. आणि दर चुकीचा बसवणारा तो संवर अमात्य म्हणजे मी. भिक्षूंनो, त्या जन्मी मी सत्यपारमिता पाळली ती दुसऱ्याची चूक दाखवून नव्हे. स्वतःची चूक मी भर सभेत सांगितली, आणि एक लेकरू जगले."